कॉम्प्रेसर आणि नॉइज गेट: जोडणी आधी, घुंड्या नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरच्या खोलीतल्या स्टुडिओत एक कंडेन्सर माइक, आठ चॅनलचा ॲनालॉग मिक्सर, दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (आवाज संगणकात नेणारा) आणि नवा घेतलेला दोन चॅनलचा कॉम्प्रेसर-गेट (डीबीएक्स २६६एक्सएस) आहे. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, गेट ठरावीक पातळीच्या खालचा आवाज अडवतो. काम मुख्यतः कथांच्या अभिवाचनाचं, अधूनमधून पेटी-तबल्यावर भजन किंवा भावगीत. कॉम्प्रेसर मिक्सरच्या ऑक्स सेंडवर, म्हणजे चॅनलच्या आवाजाची प्रत बाहेर पाठवणाऱ्या वाटेवर, लावलाय. आवाज पोकळ येतो, गेट लावला की शब्दाची सुरुवात खाल्ली जाते, आणि मेकअप गेन (दाबलेला आवाज परत वर आणणारी घुंडी) वाढवला की पंखा आधीपेक्षा मोठा ऐकू येतो.

तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. पहिली जोडणीची, दुसरी गेटच्या स्वभावाची आणि तिसरी तर कॉम्प्रेसर त्याचं काम नीट करतोय याचीच खूण. म्हणून आधी ऑक्सवरून केबल काढा, मग पातळी जुळवा, आणि त्यानंतरच थ्रेशोल्डला हात लावा. थ्रेशोल्ड म्हणजे ठरावीक व्होल्टेजची रेघ असते: कॉम्प्रेसर तिच्या वरचं दाबतो, गेट तिच्या खालचं अडवतो. यंत्रात येणारा सिग्नलच चुकीच्या पातळीवर असेल तर कुणीही सुचवलेलं सेटिंग तुमच्याकडे लागू पडणार नाही.

ऑक्स सेंड रिव्हर्बसाठी ठीक, कारण रिव्हर्ब मूळ आवाजात मिसळायचा असतो. कॉम्प्रेसर आणि गेट मूळ आवाजाच्या जागी यायला हवेत. ऑक्सवर जोडल्यावर चॅनलचा मूळ आवाज फेडरमधून थेट मास्टरकडे जातच राहतो आणि दाबलेला आवाज रिटर्नमधून त्याच्यावर चढतो. गेटने आपली वाट बंद केली तरी पंखा दुसऱ्या वाटेने येतोच. पोकळपणा मात्र नुसत्या ऑक्समुळे येत नाही. त्याला दोनच कारणं संभवतात. एक, परतीचा सिग्नल इंटरफेस आणि सॉफ्टवेअरमधून फिरून येत असेल तर त्याला काही मिलीसेकंद उशीर होतो. फक्त १ मिलीसेकंद उशिराने तोच आवाज स्वतःवर चढला तर ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, मग १५००ला, २५००ला, असं वर वर. दुसरं कारण म्हणजे एखाद्या एक्सएलआर केबलमध्ये पिन २ आणि ३ उलट सोल्डर झाल्या असणं. तसं असेल तर दोन वाटांचे आवाज एकमेकांना खातात आणि खर्ज आधी जातो.

मूळ आणि दाबलेला आवाज मुद्दाम मिसळण्याची पद्धतही आहे, तिला पॅरलल कॉम्प्रेशन म्हणतात. पण ते ढोलकीला किंवा तयार मिक्सला, आणि उशीर शून्य आहे याची खात्री करून. अभिवाचनाला त्याची गरज नाही.

कॉम्प्रेसरची खरी जागा चॅनलच्या इन्सर्ट जॅकवर. हा एकच तीन-भागी पाव इंची जॅक असतो आणि त्यातून सिग्नल जातोही आणि परतही येतो. बहुतेक मिक्सरवर टोकातून म्हणजे टिपमधून सिग्नल बाहेर जातो, मधल्या कड्यातून म्हणजे रिंगमधून परत येतो आणि स्लीव्ह ग्राउंड असते. यासाठी वाय केबल लागते. तिच्या एका बाजूला टीआरएस प्लग, दुसऱ्या बाजूला दोन साधे मोनो म्हणजे टीएस प्लग. टिपची तार ज्या प्लगला गेली आहे तो कॉम्प्रेसरच्या इनपुटमध्ये, रिंगचा प्लग आउटपुटमध्ये. उलटं लागलं तर काही जळत नाही, फक्त चॅनल मुका होतो. बाजारातल्या वाय केबलवर सेंड-रिटर्न लिहिलेलं असेलच असं नाही, तेव्हा मल्टिमीटरच्या बीपने टिप कुठे गेली ते तपासून त्या प्लगवर रंगीत टेप गुंडाळा. स्वतः सोल्डर करणार असाल तर दोन वेगळ्या शिल्डेड तारा घ्या. एकाच शिल्डमधल्या जोडतारेत जाणारा आणि येणारा सिग्नल लगत धावतात, ते टाळलेलं बरं. ही वाट अनबॅलन्स्ड आहे, म्हणून लांबी दोन-तीन मीटरच्या आत ठेवा.

आठ चॅनलच्या मिक्सरवर सगळ्या चॅनलना इन्सर्ट नसतात, बहुधा पहिल्या दोन किंवा चार मोनो चॅनलनाच असतात. अजिबात नसेल तर माइकचा चॅनल पूर्ण डावीकडे पॅन करा, मास्टरचा डावा आउटपुट कॉम्प्रेसरमध्ये द्या आणि कॉम्प्रेसरचा आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटला. या व्यवस्थेत मात्र त्या बाजूला दुसरा कुठलाही चॅनल येऊ देऊ नका. आला तर तोही दाबला जाईल, आणि वाईट म्हणजे तोच तुमच्या आवाजाला दाबेल.

माइक थेट कॉम्प्रेसरच्या एक्सएलआर इनपुटमध्ये लावू नका. प्लग बसतो म्हणून मोह होतो. माइकची पातळी ढोबळमानाने उणे ५० डीबीयूच्या (डीबीयू म्हणजे व्होल्टेजवरून मोजलेली पातळी) आसपास असते आणि या यंत्राच्या कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड खाली खाली म्हणजे उणे ४० डीबीयूपर्यंतच येतो. म्हणजे कॉम्प्रेसर जवळजवळ कधीच दाबणार नाही. शिवाय कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट फँटम या इनपुटवर मिळत नाहीत. माइकनंतर प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग), मग कॉम्प्रेसर, हा क्रम ठरलेला.

इंटरफेसच्या बाजूला आणखी एक सापळा आहे. पुढच्या कॉम्बो जॅकमध्ये एक्सएलआर लावला की सिग्नल माइक प्रीॲम्पमध्ये शिरतो. टीआरएस लावला तरच तो लाइन इनपुट होतो. कॉम्प्रेसरचा एक्सएलआर आउटपुट तिथे लावला तर लाइन पातळीचा सिग्नल माइक प्रीॲम्पमध्ये जाऊन फाटतो. त्यात फँटमचं बटन चालू राहिलं असेल तर ४८ व्होल्ट उलटे कॉम्प्रेसरच्या आउटपुटवर येतात. काही आउटपुट हे सोसतात, काही नाही. तेव्हा कॉम्प्रेसरपासून इंटरफेसपर्यंत टीआरएस ते टीआरएस केबल घ्या, आणि इंटरफेसवर लाइन आणि इन्स्ट्रुमेंट असं बटन असेल तर ते लाइनवर ठेवा.

बॅलन्स्ड आउटपुट अनबॅलन्स्ड इनपुटला देताना एक्सएलआरची पिन ३ काय करायची हा नेहमीचा घोळ. पिन १ ग्राउंड, २ गरम, ३ थंड. ट्रान्सफॉर्मर असलेल्या आउटपुटला पिन ३ ग्राउंडला जोडावीच लागते, नाहीतर वाट पूर्ण होत नाही आणि आवाज बारीक, खर्जाविना येतो. साध्या इलेक्ट्रॉनिक आउटपुटवर पिन ३ बहुधा मोकळी सोडतात. तुमच्या यंत्राचा आउटपुट कुठल्या जातीचा आहे ते मॅन्युअलच्या तांत्रिक पानावर एका ओळीत दिलेलं असतं, ती ओळ वाचूनच सोल्डरिंग गन हातात घ्या.

जोडणी झाल्यावर ५० हर्ट्झची घुम्म आली तर ग्राउंड लूप, म्हणजे ग्राउंडच्या दोन वाटांनी बनलेलं वेटोळं, शोधा. मिक्सर, कॉम्प्रेसर, इंटरफेसचा संगणक आणि मॉनिटर स्पीकर हे सगळं एकाच भिंतीच्या सॉकेटवरून, एकाच पट्टीवर घ्या. अर्धी घुम्म तिथेच जाते. तरी उरली तर बॅलन्स्ड केबलमध्ये शिल्ड एका टोकाला सोडवा, साधारणपणे पुढच्या यंत्राच्या इनपुटच्या टोकाला. तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणं हा उपाय नाही. बिघाडाच्या वेळी २३० व्होल्ट रॅकच्या पत्र्यावर आणि तिथून माइक धरलेल्या गायकाच्या हातात येऊ शकतात.

आता पातळी. व्यावसायिक लाइन पातळी अधिक ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. घरगुती यंत्रांची उणे १० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. दोन्हीत सुमारे १२ डीबीचा फरक आहे, आणि अनेक कॉम्प्रेसरच्या मागे याच फरकासाठी एक बटन असतं. इन्सर्टवर आणि व्यावसायिक मिक्सरच्या आउटपुटवर ते अधिक ४ वर ठेवा. ते चुकीच्या बाजूला असलं की मीटर १२ डीबी खोटं बोलतं.

मग एक चाचणी करा. ती टाळून पुढे जाणारे नंतर तासभर घुंड्या फिरवत बसतात. रेशो (दाबण्याचं प्रमाण) १:१ म्हणजे दाब नाही, गेटचा थ्रेशोल्ड ऑफ, आउटपुट गेन शून्यावर. चॅनलमधून सलग एकसारखा आवाज पाठवा, पेटीचा एक सूर दाबून धरला तरी चालेल, फक्त भाता सारखा चालवा. आता बायपास (सिग्नल यंत्राला वळसा घालून नेणारं बटन) दाबा आणि सोडा. इंटरफेसच्या मीटरवर काही फरक पडता कामा नये. ६ डीबी फरक पडला तर बॅलन्स्ड-अनबॅलन्स्डचा गोंधळ आहे, बारा पडला तर मागचं बटन. बायपासमध्ये आवाज येतो आणि एरवी येत नाही असं झालं तर गेट बंद राहिलाय किंवा यंत्राला वीजच नाही. उलट, यातल्या अनेक यंत्रांत वीज नसताना इनपुट आउटपुटला थेट जोडणारा रिले असतो, त्यामुळे ‘चालू’ वाटणारं यंत्र प्रत्यक्षात बंद असू शकतं.

फरक शून्य आला की माइकचा गेन लावा. अभिवाचनातली सर्वात चढी जागा, एखादा ओरडण्याचा संवाद, तसाच करून घ्या. इंटरफेसवर सरासरी उणे १८ ते २० डीबीएफएस (डिजिटल मोजपट्टी, तिचं शून्य म्हणजे कमाल) आणि शिखरं उणे १० च्या आसपास राहिली की पुरे. चोवीस बिटमध्ये याहून वर जायचं काही कारण नाही. मिक्सरवर लो-कटचं (खालचा खर्ज कापणारं) बटन असेल तर ते दाबा. बहुतेक ठिकाणी तो ७५ ते १०० हर्ट्झच्या दरम्यान असतो. तो इन्सर्टच्या आधी येतो का ते ब्लॉक डायग्रामवर बघा. आधी येत असेल तर ‘भ’, ‘फ’, ‘ध’च्या फुंकरा आणि जिन्यावरचे पाऊलआवाज कॉम्प्रेसरपर्यंत पोचत नाहीत. नंतर येत असेल तर ते ऐकू येणार नाहीत, पण कॉम्प्रेसर त्यांच्यापायी आवाज दाबत राहील आणि का दाबतोय हे कळणार नाही.

कॉम्प्रेसरचं गणित एकदा कागदावर करून बघा. थ्रेशोल्ड उणे २०, रेशो ४:१, आणि सिग्नल उणे ८ वर आला. रेघेच्या वर १२ डीबी. त्याचे चार भाग, एक भाग म्हणजे ३ डीबी बाहेर सोडायचे. आउटपुट उणे १७, म्हणजे ९ डीबी दाबले गेले. गेन रिडक्शनचं मीटर हेच नऊ दाखवतं. रेघेच्या खालचं काहीही दाबलं जात नाही. ओव्हरइझी हे डीबीएक्सचं बटन दाबलं की ही रेघ काटकोनी न राहता वळणदार होते आणि दाब हळूहळू सुरू होतो. बोलण्याला आणि गाण्याला ते दाबलेलंच ठेवा. ढोलकी-हलगीला सोडा.

अभिवाचनासाठी सुरुवात अशी करा: रेशो ३:१, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) १० मिलीसेकंदांच्या आसपास, रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) १५० च्या आसपास. थ्रेशोल्ड पूर्ण वर, आणि मग नेहमीच्या आवाजात वाचताना हळूहळू खाली. मीटरवर साध्या वाक्यांना २-३ डीबी आणि चढ्या संवादाला ५-६ डीबी दिसू लागले की थांबा. सतत दिवे लागलेले आणि कधीच विझत नाहीत असं दिसलं तर थ्रेशोल्ड फार खाली गेलाय. मग तुम्ही कॉम्प्रेसरने फक्त आवाज कमी करताय. रेकॉर्डिंगच्या वेळी ६ डीबीच्या पलीकडे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. उरलेलं सॉफ्टवेअरमध्ये करा, तिथे निदान मागे फिरता येतं.

अटॅक जास्त जलद का ठेवायचा नाही? १०० हर्ट्झच्या एका लाटेला १० मिलीसेकंद लागतात. अटॅक १ आणि रिलीज ३० मिलीसेकंद ठेवला तर कॉम्प्रेसर आवाजाच्या चढउताराऐवजी प्रत्येक लाटेचाच पाठलाग करू लागतो आणि लाटेचा आकार बिघडतो. कानाला तो खरखरीत फाटलेपणा वाटतो. पुरुषी खर्जातल्या आवाजात आणि बायाँवर हे सर्वात आधी पकडलं जातं. इंटरफेसवर लाल दिवा नाही आणि तरी आवाज फाटतोय असं दिसलं की आधी रिलीज वाढवून बघा.

तबल्याचं वेगळं. दायाँवरच्या ‘ना’, ‘ता’ची धार टिकवायची तर अटॅक २० ते ३० मिलीसेकंद द्या, म्हणजे थाप आधी निसटते आणि दाब नंतर बसतो. रिलीज लयीवरून काढतात: ६०,००० भागिले मिनिटाला मात्रा. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलीसेकंदांची होते, तेव्हा २५० ते ३०० चा रिलीज आरामात बसतो. द्रुत तीनतालात लय २४० वर गेली की मात्रा २५० ची, आणि तिच्यात चार बोल असतील तर दोन बोलांत जेमतेम ६० मिलीसेकंद. इतक्यात कॉम्प्रेसर सुटून पुन्हा दाबेल ही अपेक्षा सोडा. तिथे रिलीज लांब ठेवून एकूण पातळी २-३ डीबीने सावरायची, बोलांना हात लावायचा नाही. पेटीला मुळात कॉम्प्रेसर फारसा लागतच नाही, तिचा चढउतार भात्याच्या हाताने सांभाळलेला असतो.

घुंडीवरचे आकडे एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेऊ नका. डीबीएक्स १६०च्या घराण्यात रिलीज डीबी प्रति सेकंद असा वेग म्हणून दिला जातो, मिलीसेकंद म्हणून नाही. बिल पटनम यांच्या ११७६ या कॉम्प्रेसरवर घुंडी उजवीकडे फिरवली की अटॅक-रिलीज जलद होतात, बाकी बहुतेकांवर संथ, आणि त्यावर थ्रेशोल्डची घुंडीच नाही, इनपुट वाढवून आवाज रेघेवर न्यायचा. त्याचा सर्वात संथ अटॅकही ८०० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे एका मिलीसेकंदाच्या आतला. त्यामुळे ११७६ चं प्लगइन (सॉफ्टवेअरमधली नक्कल) वापरून ‘अटॅक ७’ असं कुणी लिहिलं असेल तर त्याचा तुमच्या घुंडीशी काही संबंध नाही.

आता पंखा. ६ डीबी दाबून ६ डीबी मेकअप गेन दिला की मोठे शब्द होते तिथेच राहतात, पण दोन वाक्यांच्या मधली शांतता ६ डीबीने वर येते. पंखा त्या शांततेतच असतो. हा बिघाड नाही. यावर गेट हा पहिला उपाय नसून शेवटचा आहे. पंखा बंद करा. एसी असेल तर पान वाचायच्या आधी बंद करा. माइक ३० सेंटिमीटरवर असेल तर १५ वर घ्या. आवाज ढोबळमानाने ६ डीबीने वाढतो, पंखा तेवढाच राहतो, म्हणजे कॉम्प्रेसरने जे बिघडवलं ते अंतराने परत मिळालं. जवळ गेल्यावर खर्ज फुगतो, त्यासाठी लो-कट आहेच, आणि पॉप फिल्टर मध्ये ठेवा.

एवढं करूनही गेट लागलाच तर त्याची जागा कॉम्प्रेसरच्या आधी. समजा आवाज उणे १२ वर आणि पंखा उणे ५२ वर आहे, दोघांत ४० डीबीची दरी. कॉम्प्रेसरने १० डीबी दाबून तेवढेच परत वाढवले की दरी तीसवर येते, आणि गेटला आवाज कुठला नि पंखा कुठला हे ओळखणं तेवढं कठीण होतं. तुमच्या यंत्रात पुढच्या पट्टीवर गेटचा विभाग कॉम्प्रेसरच्या आधी आहे तो याच हिशोबाने. प्लगइन वापरत असाल तर क्रम तुमच्या हातात असतो, म्हणून तिथे जास्त चुकतो.

अशा दोन चॅनलच्या यंत्रावर गेटला थ्रेशोल्ड आणि रेशो एवढंच मिळतं, अटॅक-होल्ड-रिलीज यंत्र स्वतः ठरवतं. रेशो टोकाला नेला की ते दार धाडकन बंद करतं. कमी ठेवला की एक्स्पांडर होतो. २:१ वर थ्रेशोल्डच्या खाली गेलेला प्रत्येक डीबी दोन होतो: थ्रेशोल्ड उणे ४० आणि पंखा उणे ५० वर असेल तर तो उणे ६० वर जातो. ४:१ वर तोच उणे ८० वर. अभिवाचनाला २:१ पुरे, त्यापुढे जाऊ नका. पंखा १० डीबीने खाली गेला की श्रोत्याचं लक्ष जात नाही, पण तो प्रत्येक वाक्यानंतर पूर्ण नाहीसा होऊन पुन्हा उगवला तर नक्की जातं.

शब्दाची सुरुवात खाल्ली जाते त्याचं कारण मराठीच्या उच्चारात शोधा. ह, स, श, फ, ख यांची सुरुवात निव्वळ हवेची असते आणि पुढच्या स्वरापेक्षा कितीतरी हलकी. गेट स्वरावर उघडतो, तोवर हवा निघून गेलेली असते. ‘हात’चा ‘आत’ होतो, ‘सकाळ’चं ‘अकाळ’. वाक्याच्या शेवटी उलट होतं: ‘आहे’, ‘होतं’, ‘नव्हतं’ हे शब्द आपण आवाज टाकत म्हणतो, आणि गेट ‘हे’वरच मिटतो. म्हणून थ्रेशोल्ड लावताना जोरदार वाक्य वाचू नका. ‘हळूहळू सगळं शांत होत गेलं होतं’ असं काहीतरी, अगदी कुजबुजीच्या जवळच्या आवाजात, पुनःपुन्हा वाचा. गेटची घुंडी ऑफवरून हळूहळू वर आणा, पहिला ‘ह’ किंवा शेवटचा ‘तं’ दुखावला की ४ ते ६ डीबी मागे या. त्या जागी पंखा अडत नसेल तर गेटचा नाद सोडा. आवाज आणि पंखा यांच्यात गेटला उभं राहायला जागाच उरलेली नाही.

खरं सांगायचं तर अभिवाचन रेकॉर्ड करताना हार्डवेअर गेट लावूच नये. खाल्लेला ‘ह’ परत आणता येत नाही. सॉफ्टवेअरमधल्या गेटला लुकअहेड असतो, तो ५-१० मिलीसेकंद पुढचं बघून आधीच उघडतो. ॲनालॉग यंत्राला पुढचं दिसत नाही. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला कुणी न बोलता त्याच माइकवर, त्याच गेनवर खोलीची अर्ध्या मिनिटाची शांतता घेऊन ठेवा. खोकला, पान उलटल्याचा आवाज कापला की त्या जागी हा तुकडा बसवायचा. पूर्ण शून्य शांतता ठेवली तर हेडफोनवर ऐकणाऱ्याला रेकॉर्डिंग तुटल्यासारखं वाटतं.

तानपुऱ्यावर गाणारा आवाज असेल तर गेट अजिबात नको. गायकाच्या माइकमध्ये तानपुरा झिरपतोच, आणि गेट त्याला प्रत्येक श्वासाबरोबर उघडझाप करायला लावतो. भजनात गायकाच्या माइकमध्ये पेटी येते तिथेही तेच.

हार्डवेअर गेट खऱ्या अर्थाने कामाला येतो तो एकाच खोलीत ढोलकी, हलगी, संबळ असे जोरकस तालवाद्यांचे माइक असताना. तिथे मात्र अटॅक (उघडायचा वेळ), होल्ड (उघडं राहायचा वेळ), रेंज (आवाज किती खाली न्यायचा), डिके (मिटायचा वेळ) अशा वेगळ्या घुंड्यांचा गेट हवा. १९८२ मध्ये आलेल्या ड्रॉमर डीएस२०१ या गेटने या कामाला वळण लावलं, कारण त्याच्या की वाटेवर (गेटला उघडायचा इशारा देणारी वाट) हाय-पास आणि लो-पास, म्हणजे फक्त वरचा किंवा फक्त खालचा भाग जाऊ देणारे, फिल्टर होते. गेट कशाने उघडायचा हे त्या फिल्टरने ठरतं, ऐकू येणाऱ्या आवाजाला ते हात लावत नाहीत. ढोलकीच्या डाव्या, खर्जाच्या बाजूच्या माइकवर लो-पास १५०-२०० हर्ट्झपर्यंत खाली आणला की शेजारची हलगी कितीही कडकडली तरी गेट उघडत नाही. की लिसन (की वाटेचा आवाज ऐकवणारं बटन) दाबून फिल्टर लावा, मग ते बटन सोडायला विसरू नका. होल्ड १०० ते २०० मिलीसेकंद ठेवा, नाहीतर खर्जाच्या घुमाऱ्यावर गेट फडफडतो. अटॅक अगदी शून्याजवळ नेला की लाटेच्या मधोमध दार उघडून ‘टक्’ असा आवाज येतो. अर्धा ते एक मिलीसेकंद दिला की तो जातो. रेंज उणे १०-१५ डीबीवर थांबवा.

स, च, श टोचत असतील तर कॉम्प्रेसरच्या मागचा साइडचेन जॅक (कशावरून दाबायचं ते कॉम्प्रेसरला सांगणारी वाट) वापरता येतो. त्यातून ईक्यूला (आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणारं यंत्र) सिग्नल द्यायचा, ईक्यूवर ५ ते ८ किलोहर्ट्झ उचलायचे आणि परत आणायचे. कॉम्प्रेसर त्या भागाला बिचकतो, पण ईक्यूचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. या जॅकमध्ये जाणारं टिप की रिंग हे कंपनीगणिक बदलतं, मॅन्युअल बघा. मात्र दाबला जातो तो पूर्ण आवाज, फक्त ‘स’ नव्हे, त्यामुळे ३-४ डीबीच्या वर गेलात तर वाचणारा बोबडा वाटू लागतो.

आधीच रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर हा कॉम्प्रेसर वापरायचा तर इंटरफेसला किमान चार लाइन आउटपुट लागतात: दोन मॉनिटरला आणि एक किंवा दोन कॉम्प्रेसरला. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरपैकी रीपरमध्ये रीइन्सर्ट, लॉजिकमध्ये आय/ओ प्लगइन यासाठीच आहे. पिंग करून, म्हणजे एक टिचकी पाठवून, उशीर मोजून घ्या, नाहीतर सुरुवातीचा पोकळपणा पुन्हा भेटेल. दोनच आउटपुटच्या इंटरफेसवर ही खटपट करू नका. मॉनिटरची वाट आणि कॉम्प्रेसरची वाट एक झाली की फीडबॅकची शिट्टी कानात आणि स्पीकरच्या ट्वीटरमध्ये एकदमच जाते.

शेवटी कपल किंवा स्टिरिओ लिंकचं बटन. स्टिरिओ मिक्सला ते दाबावंच लागतं. नाहीतर डावी बाजू दबली आणि उजवी नाही असं झालं की मधला आवाज एका बाजूला सरकतो. दाबलेलं असताना पहिला चॅनल मालक होतो आणि दुसऱ्याच्या घुंड्या फिरवूनही काही घडत नाही. पण पहिल्यावर आवाज आणि दुसऱ्यावर तबला लावून हे बटन चुकून दाबलेलं राहिलं, तर तबल्याच्या प्रत्येक थापेला गायकाचा आवाज खाली बसतो. दुसऱ्या चॅनलची घुंडी फिरवून मीटर हलत नसेल तर आधी इथे बघा.